बाकल्याला पांघरूण

अकोले तालुक्यात बाकला प्रथम कुणी आणला, असा प्रश्न उद्या एखाद्या परीक्षेत आलाच, तर बेधडक माझं नाव लिहा. पैकीच्या पैकी मार्क मिळतील. मी स्वतः प्राथमिक शाळेत मास्तर होतो, तेव्हा मार्कांचं मला कळतं!

गोष्ट सत्तर सालच्या दिवाळीतली. माझे साडू तेव्हा डेहराडूनला लष्कराच्या कचेरीत होते. त्यांनी टपालानं एक कापडी पुरचुंडी पाठवली. आत चाळीस बिया. दिसायला वालाच्या चुलतभावासारख्या, पण एकेक बी अंगठ्याच्या नखाएवढी. सोबत पत्र होतं. ही इकडची बाकल्याची शेंग, थंडीच्या तोंडाशी पेरावी, सगळा हिवाळा अंगावर काढते आणि मग शेंगा देते, एवढंच त्यात लिहिलं होतं.

'सगळा हिवाळा अंगावर काढते' हे वाक्य मी दोनदा वाचलं. आमचं गाव भंडारदऱ्याच्या अलीकडचं. पौषात सकाळी घंगाळातलं पाणी बोटाला चावतं. अशा थंडीत परमुलखातून आलेली ती कोवळी रोपं उघड्यावर दिवस काढणार? माणुसकी म्हणून काही आहे की नाही?

परसबाग खरी आमच्या सौभाग्यवतींची, म्हणजे दमयंतीची. तिथं तिची मेथी, कोथिंबीर आणि वांगी नांदत होती. पुष्कळ मिनतवाऱ्या करून मी एक वाफा मागून घेतला आणि चाळीसच्या चाळीस बिया टोकल्या. आठवडा-दीड आठवड्यात छत्तीस रोपं वर आली. वेल नाही, मांडव नाही, सगळी आपली ताठ उभी. शेजारच्या कडूबाई पाण्याला जाता जाता कुंपणाशी थांबल्या नि म्हणाल्या, "मास्तर, ह्यो कसला वाल? ह्येला येलच न्हाई." मी त्यांना बाकल्याची सविस्तर माहिती दिली. त्या डोक्यावरच्या दोन हंड्यांसकट ऐकत उभ्या राहिल्या, यावरून माहिती रंगतदार असावी.

त्याच दिवाळीत आणखी एक घडलं होतं. माझी धाकटी बहीण प्रेमला नगरहून आमच्याकडं कायमची राहायला आली. आई-वडील गेल्यापासून ती काकांकडं होती. आता मॅट्रिक झाली, आणि तिचं लग्न जमवणं माझ्यावर आलं. दोन ठिकाणांहून नकार आले होते. तिसरं स्थळ श्रीरामपूरचं, मुलगा बँकेत, वडील मार्तंडराव कोर्टात नाझर. मुलाचा फोटो आला त्या दिवशी प्रेमलानं आमटीत दोनदा मीठ घातलं. त्यावरून मी काय ते ओळखलं. हे स्थळ हातचं जाऊ नये, असं मला फार वाटत होतं. पोर कधी काही मागायची नाही, आणि न मागणाऱ्याचंच मनाला जास्त लागतं.

नाझर पती-पत्नी संक्रांतीनंतर मुलगी बघायला येणार, असं ठरलं. तोवर मी बाकल्याकडं लक्ष दिलं.

मार्गशीर्षात थंडी वाढली तशी मी वाफ्यावर बांबूच्या कामट्या वाकवून रोवल्या आणि त्यांवर गोणपाट टाकलं. पण गोणपाट खरखरीत, कोवळ्या शेंड्यांना टोचेल अशी शंका आली. मग मी घरातल्या गोधड्या काढल्या. नऊपैकी सहा! दिवस मावळता बाकल्याला पांघरूण घालायचं आणि सकाळी काढायचं. दमयंती म्हणाली की लग्नाला अकरा वर्षं झाली, पण माझ्या अंगावरचं पांघरूण सरकलं तर कधी ओढून घातलं नाहीत. मी म्हणालो की तू इथलीच आहेस, तुला सवय आहे.

आमच्या डोंगरात दव पडतं ते पावसासारखं. सकाळी गोधड्या चिंब असत. त्या मागच्या कुंपणावर वाळत घालायचं काम प्रेमलानं आपणहून घेतलं होतं, कारण मी शाळेच्या गडबडीत असे. कुंपणाला लागूनच पाणवठ्याची वाट. रोज सकाळी गावातल्या साऱ्या बाया तिथून जात, आणि रोज त्यांना सहा ओल्या गोधड्या आणि त्या खाली मानेनं पसरणारी प्रेमला दिसे. हे सगळं मी आज जोडून सांगतो आहे. तेव्हा मला यातलं अक्षरही कळलं नाही.

पौष लागताच कडूबाई काळ्या तिळाचे लाडू घेऊन आल्या. पदराआड झाकून आणलेले. लाडू माझ्या हातात देऊन त्या हळूच म्हणाल्या, "सांजच्याला पानी बंद करा, मास्तर. गुन येतो."

वा! बाकल्याला संध्याकाळचं पाणी घातलं की गारठा वाढतो, ही गोष्ट माझ्याही ध्यानात आली नव्हती. अनुभवाचे बोल ते! मी त्याच दिवसापासून संध्याकाळचं पाणी तोडलं. दोन दिवसांनी पलीकडच्या घरातल्या बनुबाईंनी तसेच लाडू आणले. मग तेल्याच्या घरून आले. संक्रांतीला अजून आठवडा होता, पण गावाचं माझ्यावर इतकं प्रेम आहे, हे बघून मला भरून आलं. माझ्या शेतीप्रयोगाचा हा गौरव आहे, असं मी दमयंतीला सांगितलं. तिनं फक्त विचारलं की मग सगळे काळ्याच तिळाचे कसे?

संक्रांत झाली आणि चौथ्या दिवशी सकाळच्या एसटीनं पाहुणे आले. बाकल्याला तेव्हा पांढरी फुलं आली होती, काळ्या ठिपक्यांची. मला वाटलं, शकुन चांगला आहे.

पाहुणे घरात शिरले ते चेहरे पाडूनच. मार्तंडरावांनी छत्री दारामागं उभी केली, पण टोपी काढली नाही. त्यांच्या पत्नी पुष्पावतीबाई पाटावर टेकल्या आणि एकदा प्रेमलाकडं, एकदा मागच्या दाराकडं बघू लागल्या. मागच्या दारातून कुंपण दिसत होतं आणि कुंपणावर सहा गोधड्या ठिबकत होत्या.

पोह्यांच्या बशा तशाच राहिल्या. शेवटी मार्तंडरावांनी वाटेत काय ऐकलं ते सांगितलं. स्टँडसमोरच्या चहावाल्या पुंजारामला त्यांनी माझं घर विचारलं होतं. कुंपणावर गोधड्या दिसतील तेच, असं त्यानं सांगितलं, आणि मग सहानुभूतीनं पुढचंही सांगितलं. दिवाळीत मास्तरांची बहीण आली, तेव्हापासून गोधड्या रोज ओल्या. पोर गुणाची आहे, पण रात्री अंथरूण ओलं होतं ते तेवढं तिला कळत नाही. गावानं त्यावर औषध म्हणून काळ्या तिळाचे लाडू दिलेत, येईल गुण.

माझ्या डोक्यात सगळे लाडू एकदम फुटले.

प्रेमला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. हातातलं तांब्याभांडं तिनं उंबऱ्यावरच ठेवलं.

मी घाईघाईनं खरं काय ते सांगितलं. पाहुण्यांना वाफ्याशी नेलं. कामट्या दाखवल्या, एक गोधडी आणून पांघरूण कसं घालतो तेही करून दाखवलं. मार्तंडराव सगळं शांतपणे बघत होते. मग म्हणाले, "मास्तर, मी तीस वर्षं कोर्टात काढली. खोटं सांगायचं तर पटेल असं सांगावं. शेंगांना कुणी गोधडी घालतं का?"

दमयंतीनं शपथ घेतली. पण बायकोची साक्ष नवऱ्याच्या बाजूनंच असते, असं त्यांचं मत पडलं. कुंपणापलीकडून कडूबाई जात होत्या, त्यांना मी हाक मारली. पोरीचं कल्याण व्हावं म्हणून त्या बिचाऱ्या पुष्पावतीबाईंना म्हणाल्या, "लगीन झाल्यावं थांबतंय, आईसाब. आमच्या नणंदंचंबी थांबलं."

आता झालं! मार्तंडराव घरात येऊन छत्री शोधू लागले. मी स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. प्रेमला माझ्याकडंच बघत होती. नेहमीसारखी, काही न मागता.

आणि मी बोलून गेलो.

"नाझरसाहेब, थांबा. त्या गोधड्या माझ्या आहेत. लहानपणापासून हे माझं असंच आहे. बहिणीला घरात येऊन अडीचच महिने झाले, म्हणून नाव तिच्यावर आलं."

मागं गोधड्या ठिबकतच होत्या. दमयंतीनं तोंडाला पदर लावला. ती हसत होती की रडत होती, ते मला अजून कळलेलं नाही. मार्तंडरावांनी मला नखशिखांत न्याहाळलं, मग छत्री पुन्हा दारामागं ठेवली आणि टोपी काढून मांडीवर घेतली.

"हे पटलं," ते म्हणाले. "माणूस स्वतःच्या तोंडानं स्वतःवर असलं खोटं घेत नाही."

पुष्पावतीबाईंनी पोह्यांची बशी जवळ ओढली. त्या माझ्याकडं फार मायेनं बघू लागल्या. सहाच्या सहा गोधड्या लागतात का, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, थंडीत लागतात.

लग्न तिथंच ठरलं. पाहुण्यांना स्टँडवर पोचवून परत येतो तो टपाल आलेलं. साडूंचं पत्र! गोधड्यांची माझी युक्ती मी त्यांना मोठ्या अभिमानानं कळवली होती, त्याचं उत्तर. त्यांनी लिहिलं होतं की, 'गोधड्या कसल्या घालता? इकडं वर डोंगरात याच्यावर बर्फ पडतं तरी त्याला काही होत नाही. उघड्यावर गारठा खाऊ द्या, म्हणजे चांगली वाढेल.'

मी पत्र घडी करून खिशात टाकलं. दमयंतीला ते मी पुढं तीन वर्षांनी दाखवलं.

फाल्गुनात शेंगा आल्या. दमयंतीनं उसळ केली आणि चव घेऊन म्हणाली, "वालच आहे हो." मी वाद घातला नाही. वैशाखात लग्न झालं. निघताना प्रेमला पाया पडायला वाकली, ती उठेचना. "दादा, तू असं का सांगितलंस?" एवढंच म्हणाली. तोवर मीही रडायला लागलो होतो. व्याही शेजारीच होते, त्यांना वाटलं असावं की दुखण्याचाच हा एक प्रकार.

प्रेमला सुखात आहे. तिनं सासरी खरं काय ते कितीतरी वेळा सांगितलं. भाऊ फार मानी आहे, असं म्हणून सासूबाई तिची समजूत घालतात. दर संक्रांतीला श्रीरामपूरहून काळ्या तिळाच्या लाडवांचा डबा येतो. वर चिठ्ठी असते, रात्री निजताना एक.

मी खातो. लाडू चांगले असतात. आणि खरं सांगायचं तर, तेव्हापासून संध्याकाळी पाणीही जरा बेतानंच पितो.