फणसाच्या चिकाचं गाऱ्हाणं

आप्पांच्या पोटात गेलेली गोष्ट बाहेर येत नाही, असं खुद्द आप्पाच पालीच्या बाजारात भेटेल त्याला सांगत असत. म्हणून सुनेनं, ऋजुतानं, आपलं गुपित त्यांना सांगितलं. तसा इलाजही नव्हता. ती विद्यापीठात संशोधक, आणि फणसाचा चीक हाताला नि सुरीला चिकटू न देणारा तिचा लेप सुट्टीभर आप्पांच्याच तळहातांवर तपासला जात होता.

"सोमवारी विद्यापीठ पेटंटचा अर्ज करणार, आप्पा. तोवर लेपात काय आहे ते कुणाला कळता कामा नये. आधी जगजाहीर झालं तर पेटंट गेलं, आणि लेप विकत घेणारी कोल्हापूरची कंपनीही गेली."

"एकाही माणसाला सांगणार नाही," आप्पा म्हणाले.

शब्दाला ते जागले. गावानं मात्र त्यांचा पिच्छा पुरवला. एवढे फणस फोडून आप्पांचे हात कोरडे कसे? दुकानदार विचारी, एसटीचा कंडक्टर तिकीट द्यायचं सोडून विचारी. आप्पा नुसते हसत. इतका भाव त्यांना लग्नातसुद्धा मिळाला नव्हता.

रविवारी मात्र त्यांना चुटपुट लागली. एवढं मोठं काम, आणि ग्रामदेवाला गाऱ्हाणं नाही? मुलगा नोकरीला मुंबईला निघाला तेव्हा घातलं होतं, विहिरीला पाणी लागावं म्हणून घातलं होतं. नारळ घेऊन ते देवळात गेले. तिथं वर्धापनदिनाच्या बैठकीला सगळा गाव जमला होता.

"देवाला काय सांगू?" भिकाजी गुरवानं नारळ हातात घेत विचारलं.

"सुनेचं काम होऊ दे म्हणावं."

"कसलं काम?"

"ते गुपित हाय."

"आप्पानू, देवाला अर्धवट सांगून कसं चालंल? तो भलत्याच कामाला यश देऊन बसंल."

आप्पांना पटलं. देव काही माणूस नव्हे, आणि गाऱ्हाणं घालताना गुरवही देवाकडचाच. त्यांनी भिकाजीच्या कानात सगळं सांगितलं. बैठकीचा माईक चालूच होता.

"बा देवा म्हाराजा," भिकाजीचा आवाज कर्ण्यातून नदीपलीकडे गेला, "आप्पांच्या सुनेनं दोन भाग कोकमाचं तेल, एक भाग करंजाचं तेल, त्यात भाताच्या तुसाची राख वस्त्रगाळ करून मंद आचेवर जो लेप केलाय..."

"व्हय म्हाराजा!" सगळा मंडप म्हणाला.

"...त्याचं गुपित कुणाला कळू देऊ नको, नि तिला यश दे."

"व्हय म्हाराजा!"

सोमवारी विद्यापीठाच्या पेटंट कक्षातून मनस्वी मॅडमचा फोन आला. "अर्जाआधी शेवटचं विचारते. हे कुठं जाहीर झालेलं नाही ना?"

"नाही," ऋजुता म्हणाली.

मागून आप्पा खाकरले. "देवाला सांगितलं तर धरतात का?"

"एकट्यानंच सांगितलंत ना?" मॅडमनी फोनवरूनच विचारलं.

"कर्णा होता. पण सगळ्यांनी व्हय म्हटलं."

तोवर कुणी तरी गाऱ्हाण्याचा व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर टाकला होता आणि बोरिवलीतले चाकरमानी लेप कालवायला बसले होते. पेटंट गेलं. ऋजुताला रडू कोसळलं, आणि आप्पा दोन वेळ जेवले नाहीत. त्यात गल्लीतल्या बायका एकेक करून स्वच्छ हात दाखवायला आल्या आणि प्रत्येकीनं कृतज्ञतेनं एक फणस ठेवला.

कंपनी मात्र भली निघाली. दुसरं काही असेल तर थांबतो, म्हणाली. पुढच्या हंगामात ऋजुतानं मागच्या खोलीत काजूच्या सालींवर काम सुरू केलं, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घातली. आप्पांना तिनं एक अक्षर सांगितलं नाही. आप्पांनी वास घेऊन पाहिला, फटीतून पाहिलं, झोप उडाली. शेवटी एका संध्याकाळी नारळ घेऊन ते घराबाहेर पडले.

ऋजुता ओटीवर भाजी निवडत होती, तेवढ्यात कर्णा खरखरला.

"बा देवा म्हाराजा, आप्पांच्या सुनेनं मागच्या खोलीत यंदा काय चालवलंय ते आप्पांना कळत नाय. ते त्यांना लवकर कळू दे, नि त्यांच्याकडून आमालाही कळू दे."

एवढ्या मनापासून गाव याआधी कधीच ओरडला नव्हता.

"व्हय म्हाराजा!"