नियाजभाईंचा लॅटिन धंदा

इमारतीत बिऱ्हाडं बारा, नळ चोवीस, गच्चीवर टाकी एक आणि रसायनशास्त्राचा पदवीधरही एकच: चंदर. साल अठ्ठ्याहत्तर. नाशिक रोडला नोकरी मिळेपर्यंत त्याच्या ज्ञानाला दुसरं काम नव्हतं.

म्हणून यशोदाबाईंच्या स्वयंपाकघरात नियाजभाई नळ दुरुस्त करत असताना चंदरने त्यांना त्यांच्याच धंद्याचं मूळ समजावलं. प्लंबर हा शब्द शिशाच्या 'प्लंबम' या लॅटिन नावावरून आला. रोमन लोक शिशाचे पाइप घालत. ते घालणारा तो प्लंबर. शिसं विषारी असतं, हेही त्याने जाता जाता सांगून टाकलं.

नियाजभाईंनी मान डोलावली. यशोदाबाईंनी चहाचं आधण मोरीत ओतलं.

दुपारपर्यंत इमारतीतल्या यच्चयावत पोटदुख्या पाइपांच्या माथी बसल्या. बायका हंडे घेऊन शेजारच्या कॉलनीतल्या हापशावर गेल्या. सेक्रेटरी गांगुर्डे यांनी नियाजभाईंना निरोप धाडला, उद्यापासून येऊ नका. नऊ वर्षांचं बांधलेलं काम एका व्युत्पत्तीपायी गेलं!

चंदर दारोदार फिरला. आपले पाइप लोखंडाचे आहेत, हे त्याने बारा वेळा सांगितलं.

"मग यांना प्लंबर का म्हणायचं?" यशोदाबाईंनी विचारलं.

नियाजभाईंनी पाइपाला चुंबक चिकटवून दाखवलं. बाहेरून लोखंड आणि आतून शिसं असेल तर, अशी शंका गांगुर्ड्यांनी काढली. चंदरला स्फुरण चढलं. तुकडा कापू, घनता काढू, असं त्याने जाहीर केलं आणि टाकीचा कॉक बंद करायला स्वतः गच्चीवर जाऊन आला.

जिन्यातल्या पाइपाला करवत लावताना नियाजभाई थबकले.

"चंदरबाबू, कॉक बंद केला ना नक्की?"

"नियाजभाई, मी बी.एस्सी. आहे."

गच्चीवर कॉक दोन होते. त्याने टाकीत पाणी येण्याचा बंद केला होता.

तुकडा निघाला आणि जिन्याला पूर आला! गांगुर्ड्यांच्या चपला फाटकापर्यंत पोहोचल्या. नियाजभाई तीन मजले धावत चढले आणि त्यांनी दुसरा कॉक बंद केला. खाली आले तेव्हा यशोदाबाई ओचा पिळत उभ्या होत्या.

"नियाजभाई, उद्यापासून तुम्हीच या," त्या म्हणाल्या. "याला मात्र गच्चीवर पाठवू नका."

तुकड्याची घनता सात पूर्णांक आठ दशांश भरली, लोखंड. टाकीत पाणी उरलं चार सेंटिमीटर.