हरेश्वर काकांची शेवटची तपासणी

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. कॉम्प्युटरच्या बाबतीत मी सहसा चुकत नाही. चुकले तरी दुसऱ्या कुणाच्या लक्षात येत नाही, आणि खरं कौशल्य तेच!

आमच्या बँकेचा सगळा डेटा एका जुन्या मेनफ्रेमवर, म्हणजे कपाटाएवढ्या मोठ्या कॉम्प्युटरवर आहे. वर्षातून दोनदा, रविवारी, आम्ही त्याची चाचणीपुरती प्रत मुद्दाम मोडतो आणि बॅकअपवरून पुन्हा उभी करतो. मग सगळ्या नोंदी धड जुळतात का, हे हरेश्वर काका एका वहीतून हाताने तपासतात. दुपारी दोनच्या आत अहवाल गेला नाही, तर हा सगळा सराव, म्हणजे ड्रिल, नापास. अठ्ठावीस वर्षांत काकांची एकही ड्रिल नापास झालेली नाही. परवाची त्यांची शेवटची होती, कारण महिनाअखेर ते निवृत्त होतायत.

मला काम शिकवलं ते काकांनीच. म्हणून मी ठरवलं, या वेळी त्यांना वही उघडूच द्यायची नाही. नोंदी आपोआप तपासणारं एक टूल मी बसवलं. लतिकाकाकूंना फोन करून सांगितलंसुद्धा, काका बाराला घरी पोचतील, गरम गरम जेवायला वाढा.

चांदीपला काकांच्या घरी नेटचा भरवसा नाही, त्यामुळे ते आमच्या गोखिवऱ्याच्या फ्लॅटवर आले. दहा वाजता मी ऐटीत बटण दाबलं. टूलने सांगितलं, डेटा खराब आहे, काम थांबवलं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. मी बॅकअपची दुसरी प्रत लावली, मेनफ्रेमवाल्यांना फोन केला, त्यांनी नेटवर्कवाल्यांना झोपेतून उठवलं, आणि त्यांनी मलाच फोन करून विचारलं की या ज्ञानदा मॅडम कोण! अकरापर्यंत कॉलवर चौदा माणसं जमली होती आणि चौदाही जण ऐकू येतंय का, एवढंच विचारत होते. काका शांतपणे चहात खारी बुडवत बसले होते.

माझा नवरा विघ्नेश प्लास्टिकचे साचे बनवतो. कप उचलता उचलता त्याने विचारलं, हे टूल नेमकं करतं काय. मी वैतागून सांगितलं, डेटा धड असेल तरच ते पुढचं काम चालू देतं.

"आणि पुढचं काम काय?"

"मोडलेला डेटा दुरुस्त करणं."

"म्हणजे पेशंट बरा झाला तरच औषध?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. तपासणी दुरुस्तीनंतर लावायची, ती मी आधी लावली होती! आणि आता टूल नव्या जागी लावायचं तर मंजुरी हवी, ती सोमवारशिवाय मिळत नाही. बारा वाजले होते. माझ्यामुळे काकांची अठ्ठावीस वर्षं वाया जाणार, या विचाराने मला रडूच कोसळलं.

काकांनी हातावरचा खारीचा चुरा झटकला. "टूल काढून टाक. काढायला मंजुरी लागत नाही. दुरुस्ती चालू दे, मी वही काढतो."

वही त्यांनी आणली होतीच. मी नंबर वाचत गेले, ते खुणा करत गेले. एका नोंदीपाशी थांबून म्हणाले की ही एकदा तीन वेगवेगळ्या माणसांच्या नावावर गेली होती आणि त्यांना दोन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं. इतके खुशीत काका मी कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते. दोन वाजायला दहा मिनिटं असताना अहवाल गेला आणि ड्रिल पास झाली.

ते निघाल्यावर मी काकूंना फोन केला आणि जेवण थंड झालं असेल म्हणून माफी मागितली.

"थंड कशाला? आत्ताशी भात लावते," काकू म्हणाल्या. "शुक्रवारीच तुझं टूल बघून आले नि बोलले हे, पोरीनं तपासनी उलटी लावलीय. बारापर्यंत तिला नाय समजलं तर सांगीन. जेवन तीनला वाढ."

"मग शुक्रवारीच मला का नाही सांगितलं?"

"मी पन तेच विचारलं. बोलले, सांगितलं तर ती मला वही उघडू देनार नाय."