तुम्हाला उगीच त्रास नको

हॅल्सबरीत मुक्काम कुठे करायचा, हा प्रश्न लग्न झाल्यापासून नेव्हिल डॉकरिलला कधी पडलाच नव्हता, कारण हॅल्सबरीत त्याची सासू मार्जरीबाई राहत होती. गावाला शेकडो वर्षांचा बाजार होता, दगडी चौक होता, एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून उभी असलेली वाकडी लाकडी घरं होती. लांबलांबून लोक येऊन तिथल्या सुंदर खोल्यांत लोळत होते. नेव्हिल मात्र सासूच्या मागच्या खोलीत घडीच्या सोफ्यावर झोपत होता. त्या सोफ्यात मधोमध एक लोखंडी दांडा होता. घर गरम ठेवणारं यंत्र मार्जरीबाई मार्च संपला की तत्त्व म्हणून बंद करत, मग बाहेर बर्फ पडो. शिवाय डंकन नावाचा एक बोका होता. माणसाचं तोंड ही निसर्गाने बोक्यांसाठी केलेली गादी आहे, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

यंदा मार्जरीबाईंचा पंचाहत्तरावा वाढदिवस मे महिन्यातल्या जोडून आलेल्या सुट्टीत पडला आणि नेव्हिलने ठरवलं, आता पुरे.

ऑफिसच्या कामात त्याने कधी दाखवला नव्हता असा उत्साह त्याने जागा शोधण्यात दाखवला. एका घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी पलंगावर इतक्या झालरीच्या उशा होत्या की माणसाला झोपायला जागाच नव्हती. एका शेतावरच्या खोलीबद्दल लोकांनी कोंबड्याचं फारच कौतुक लिहिलं होतं. जुन्या पिठाच्या गिरणीतल्या खोलीतून ‘विलोभनीय देखावा’ दिसत होता, तो गाड्या लावायच्या जागेचा निघाला. आणि मग त्याला ‘ओल्ड बेल’ या सराईतली चौकावरची खोली सापडली. चार खांबांचा पलंग, शेकोटी, खिडकीपाशी चार पायांवर उभा न्हाणीचा टब, सकाळी खारवलेला मासा आणि वाफाळती किटली. त्याने ताबडतोब खोली धरून ठेवली आणि त्या रात्री तो झोपेत हसला, असं बायको सांगते.

“आता आईला सांग,” जिलियन म्हणाली.

“मी? ती तुझी आई आहे.”

“म्हणूनच. मला यात ओढू नकोस.”

नेव्हिलने फोन लावला.

“मार्जरी, यंदा आम्ही बेलमध्ये उतरू म्हणतोय. तुम्हाला उगीच त्रास नको.”

“त्रास? मला कसला त्रास?”

“नाही म्हणजे, वाढदिवस तुमचा, त्यात आमचं अंथरूण-पांघरूण, चहापाणी...”

“अंथरूण कधीच धुऊन ठेवलंय मी. पण तुम्हाला तिकडेच बरं वाटणार असेल, तर माझं काही म्हणणं नाही हो.”

इथे ‘बरं मग, ठरलं’ म्हणून फोन ठेवला असता तर नेव्हिल सुटला असता. पण तो अशा घरात वाढला होता, जिथे बशीतलं शेवटचं बिस्किट कोणीच उचलत नसे आणि ते तिथेच मऊ पडून मरे. सरळ ‘हो’ म्हणणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्याने कारण दिलं.

“बरं वाटण्याचा प्रश्नच नाही हो. माझी पाठ धरते हल्ली. डॉक्टर म्हणाले, कडक बिछाना पाहिजे.”

“अरेरे. हे आधी नाही का सांगायचंस?”

दुसऱ्या दिवशी मार्जरीबाईंचाच फोन आला. बागेतल्या खोपटात एक जुना दरवाजा पडून होता, तो त्यांनी शेजारच्या पेटिफरांकडून उचलवून गादीखाली घातला होता. आता बिछाना एखाद्या फळीसारखा झाला होता, म्हणजे फळीच होती.

“वा,” नेव्हिल म्हणाला. “पण एक आहे, मार्जरी. मांजराच्या केसांनी मला शिंका येतात.”

“इतकी वर्षं आल्या नाहीत त्या?”

“मी गिळत होतो.”

डंकनची रवानगी पेटिफरांकडे झाली. मग नेव्हिलने शेवटचं हत्यार काढलं. आपण भयंकर घोरतो, भिंती पातळ, तुमच्या झोपेचं खोबरं होईल, म्हणाला. मार्जरीबाई म्हणाल्या, “मी कानातलं मशीन काढूनच झोपते रे. तू छत पाडलंस तरी मला कळायचं नाही. आता तरी काही अडचण नाही ना?”

“नाही,” नेव्हिल खोल आवाजात म्हणाला. “तुम्हाला खरंच चालणार असेल तर.”

“चालणार म्हणजे काय. आनंदच आहे.”

त्याने बेलमधली खोली सोडली. “वाईट वाटलं,” सराईचा मालक रॉडनी म्हणाला. “पण तुम्ही काळजी करू नका. या खोलीवर टपलेले लोक आहेत.” नेव्हिलला ती काळजी नव्हतीच.

शुक्रवारी दोघं हॅल्सबरीत पोचली. गादीखालच्या दरवाज्याची मूठ काढायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. ती पितळी मूठ नेमकी नेव्हिलच्या कमरेत रुतत होती, त्यामुळे सकाळपर्यंत त्याचा एक खोटेपणा तरी खरा झाला. डंकन पहाटेच पेटिफरांच्या घरातून पळाला आणि खिडकीतून आत येऊन थेट आपल्या नेहमीच्या जागी, म्हणजे नेव्हिलच्या तोंडावर बसला. आता नेव्हिलला शिंकणं भाग होतं. तो इतकं मन लावून शिंकला की मार्जरीबाई कानात मशीन नसतानाही उठल्या.

“किती रे त्रास होतोय तुला,” त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या.

“छे छे,” नेव्हिल बोक्याच्या पोटाखालून म्हणाला.

शनिवारी चौकात बाजार भरला. चीजवाले ओरडत होते, डुकराचं मांस भरलेल्या गरम पेस्ट्र्या विकायला लागल्या होत्या, आणि मार्जरीबाईंनी वाढदिवसाचं म्हणून खताचं एक पोतं आणि टोमॅटोच्या रोपांचा खोका घेतला. नेव्हिलने हात पुढे केला.

“अजिबात नाही,” मार्जरीबाई म्हणाल्या. “तुझी पाठ.”

पोतं जिलियनने उचललं. गावच्या भर बाजारात बाई खताचं पोतं वाहतेय आणि मागून धिप्पाड नवरा रिकाम्या हातांनी, एक हात कमरेवर ठेवून येतोय, हे पाहून रोपं विकणाऱ्याने मान हलवली. “कुठून मिळवलास हा?” त्याने जिलियनला विचारलं. तिने पोतं दुसऱ्या खांद्यावर घेतलं. घरी गेल्यावर बोलायचं तिने राखून ठेवलं असावं. वाटेत बेल लागली. वरच्या खिडकीत टबाची पांढरी कड दिसत होती. नेव्हिलचा जीव कासावीस झाला आणि त्याला खरीखुरी शिंक आली.

संध्याकाळी केक कापून झाला. उजेड अजून भरपूर होता. कपबशा विसळून मार्जरीबाई आत गेल्या आणि कोट घालून, हातात छोटी बॅग घेऊन बाहेर आल्या.

“मी निघते,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला मोकळं घर मिळू दे. नेव्हिल, तू माझ्या खोलीत झोप. तुझी पाठ, तुझ्या शिंका, मला बघवत नाही. मी बेलमध्ये खोली घेतलीय. चौकावरची. कोणीतरी ऐनवेळी सोडली म्हणे, नशीबच म्हणायचं.”

नेव्हिलच्या डोळ्यांपुढे चार खांब उभे राहिले. इतक्या आडवळणाने का होईना, संधी दारात आली होती.

“असं कसं,” तो घाईने उठला. पाठ दुखते हेही विसरला. “तुमचं घर सोडून तुम्ही का जायचं? आम्ही जातो ना बेलमध्ये.”

“नको रे. पाहुण्यांना का कोणी घालवतं?”

“आम्ही काही पाहुणे नाही. मी खरंच सांगतो, आम्ही आनंदाने...”

“आई,” जिलियन मध्येच म्हणाली. दिवसभर पोतं वाहिलेल्या बाईचा आवाज होता तो. “तुझं ठरलंच असेल तर जा तू. नेव्हिल बॅग घेईल.”

“त्याची पाठ...”

“चालल्याने सुटते.”

चौक ओलांडताना पंचाहत्तर वर्षांच्या मार्जरीबाई पुढे होत्या आणि नेव्हिल बॅग घेऊन मागे धापा टाकत होता. खोलीत शेकोटी पेटलेली होती. पलंगाचे खांब त्याला वाटले होते त्याहूनही जाड होते. मार्जरीबाईंनी बूट काढले, पलंगावर बसल्या, एकदा अलगद उसळल्या आणि डोळे मिटून एक लांब श्वास सोडला. इतकं सुखी माणूस नेव्हिलने त्या कुटुंबात पाहिलं नव्हतं.

“नेव्हिल, दार लोट जरा,” त्या हळूच म्हणाल्या. “एक विचारते, खरं सांग. मला राग नाही यायचा, उलट... तुम्हाला मनापासून इथेच उतरायचं होतं ना? माझ्याकडे नको होतं ना?”

त्यांच्या डोळ्यांत चक्क आशा होती. एका म्हाताऱ्या बाईला आपल्या घरात कोणी नको असतं, दारं बंद करून गरम टबात पडावंसं वाटतं, हे सगळं त्या डोळ्यांत होतं. उत्तर एका अक्षराचं होतं. ‘हो’ म्हटलं की दोघंही जन्मभरासाठी सुटणार होते. नेव्हिलने तोंड उघडलं.

“छे, काहीतरीच काय,” तो म्हणाला. “आम्हाला तुमच्याकडेच आवडतं.”

मार्जरीबाईंचा चेहरा पडला.

“हो का,” त्या म्हणाल्या. “म्हणजे नाताळलाही याल.”

“तुम्ही बोलावलंत तर.”

“बोलावणारच ना,” मार्जरीबाई शेकोटीकडे पाहत म्हणाल्या. “चांगले आठवडाभर या.”

नेव्हिल जिना उतरून खाली आला. रॉडनी काउंटरवर ग्लास पुसत उभा होता.

“आवडली ना खोली?” तो म्हणाला. “नाताळात ती रिकामी आहे अजून. आठवडाभर धरून ठेवू का?”

“ठेवा,” नेव्हिल म्हणाला.

“कोणाच्या नावावर?”

नेव्हिलने जड अंतःकरणाने सासूचं नाव सांगितलं.