चार्जिंगची सोय आहे का?

रोज संध्याकाळी सातच्या सुमारास माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरून एक जाड काळी वायर खाली जायची. तिच्या टोकाला दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं सॉकेट असे. त्याआधी वरून हाक यायची, "वायर येतेय!"

हाक तिसऱ्या मजल्यावरच्या उपाध्ये काकांची. खाली कोणीही नसायचं. काका वायर सोडायचे, तीन जिने उतरायचे, ती आपल्या इलेक्ट्रिक गाडीला जोडायचे आणि पुन्हा तीन जिने चढून बटण दाबायचे. आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीचे सेक्रेटरी देवधर यांनी एकदा विचारलं, "खाली कोणी नाही, तर ओरडता कोणासाठी?"

"पद्धत आहे," काका म्हणाले.

काका वीज खात्यातून निवृत्त झालेले. वायरबद्दल कोणी तक्रार केली की ते म्हणत, "आयुष्य वायरीत गेलं माझं. मला शॉक शिकवू नका." पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट बसवण्याचा विषय दरवर्षी सभेत निघायचा आणि चहा आला की संपायचा. त्यामुळे वायर राहिली आणि देवधरांचा रक्तदाबही राहिला.

गाडी चालवण्यापेक्षा ती जपण्याकडे काकांचा कल जास्त. मे महिन्यात एसी बंद, काचा खाली. "एसी बॅटरी खातो." एकदा त्यांनी मला मानपाड्याला एका लग्नाला नेलं. हॉलच्या दारात उतरलो तेव्हा माझा सदरा पाठीला चिकटलेला होता आणि काका समोरच्या पडद्यावरचा आकडा दाखवून म्हणत होते, "बघा, किती उरली!" जिन्यात भेटल्यावर "कसे आहात?" विचारलं, तरी उत्तर बॅटरीचंच मिळे. "अठ्ठ्याहत्तर टक्के."

काकू गेल्यावर काकांनी घरातल्या वस्तू दान करायला सुरुवात केली. दान हा त्यांचा दुसरा आजार. "फुकट देतोय, म्हणून कोणालाही नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. त्यांनी फ्रिज वाचनालयाला दिला आणि नंतर दर आठवड्याला त्याच्या दाराचं रबर तपासायला जाऊ लागले. एकदा आत कोणाचा तरी उघडा डबा सापडला, तेव्हा त्यांनी वाचकांसमोर भाषण केलं. शेवटी वाचनालयाने फ्रिज परत न्यायची विनंती केली. शिवणयंत्र महिला मंडळाला दिलं, तिथे ते तेलाची बाटली घेऊन जायचे. मंडळाने कुलूप बदललं.

मग काकांना काचबिंदू निघाला. दोन्ही बाजूंचं दिसणं कमी झालं होतं. आधी सोसायटीच्या फाटकाला गाडी घासली, नंतर देवधरांच्या स्कूटरला. "स्कूटर चुकीच्या जागी होती," काका म्हणाले. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितलं. बंगळुरूहून मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, बास आता."

"विकून टाका," मी सुचवलं.

"विकायची? लोक येऊन टायरला लाथ मारून बघतात. माझ्या गाडीला लाथ नाही. दान करणार. पण फुकट देतोय, म्हणून कोणालाही नाही."

मुलाखती काकांच्या हॉलमध्ये झाल्या. साक्षीदार म्हणून मला बसवलं होतं. पहिले आले ते मानपाड्याच्या वृद्धाश्रमाचे दोन विश्वस्त. शाल, नारळ आणि फोटोग्राफर बरोबर.

"चार्जिंगची सोय आहे का?" काकांनी विचारलं.

"आहे ना! मागच्याच महिन्यात पॉइंट बसवला."

ते गेल्यावर काका म्हणाले, "फार तयारीत आले होते. नको."

दुसरी विशेष मुलांची शाळा. मुख्याध्यापिका सज्जन होत्या. त्यांच्या गच्चीवर सौर पॅनेल होते.

"पावसाळ्यात काय कराल?" काका.

"वीज आहे की, सर. जनरेटरही आहे."

"नको," काका मला म्हणाले. "फारच सोय आहे."

मला राग आला. चांगल्या संस्था दारातून परत जात होत्या आणि गाडी धूळ खात उभी होती. काकांना ती द्यायचीच नाही, असं मी देवधरांना सांगून टाकलं.

तिसऱ्या आल्या भोईर सिस्टर. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची घरी जाऊन शुश्रूषा करणारं एक छोटं केंद्र बाळकुमला आहे, तिथल्या. घाईत होत्या, रिक्षा खाली थांबवून आल्या होत्या.

"चार्जिंगची सोय आहे का?"

"खोटं कशाला सांगू काका? नाय. केंद्राची खोली भाड्याची, मीटर मालकाचा. मी राहते इथे पाचपाखाडीत, तिथे तर सायकल लावायला जागा नाय. पण बघू ना, करू कायतरी."

"कधी नेताय?" काकांनी विचारलं.

गाडी गेली त्या दिवशी देवधरांनी इमारतीत पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सात वाजता माझ्या खिडकीसमोरून वायर खाली गेली. खाली गाडी उभी होती.

देवधर तक्रारीचा कागद घेऊन माझ्याकडे आले. गाडी आता बाहेरच्या संस्थेची, तेव्हा वायर बेकायदेशीर, असा त्यांचा मुद्दा होता. मुद्दा बरोबर होता. सही करण्याआधी मी वर गेलो. टीपॉयवर गाडीची किल्ली होती. सिस्टर संध्याकाळी ती द्यायला येतात आणि सकाळी न्यायला, असं काकांनी सांगितलं. आज कोणत्या आजींनी जेवायला नकार दिला, कोणाची जखम भरत आली, हेही सांगितलं. सिस्टर एसी लावतात, ही तक्रारही केली.

"काका," मी म्हणालो, "मानपाड्याला पॉइंट होता. शाळेत सगळंच होतं. त्यांना का नाही दिलीत?"

काका किल्ली पुसत होते. धुरकट दिसत असावी.

"चांगले लोक होते हो," ते म्हणाले. "पण ते गाडी घेऊन गेले असते."

मी खाली आलो. देवधरांना म्हटलं, सही उद्या बघू. तो उद्या अजून आलेला नाही.

परवा सात वाजता मी स्वयंपाकघरात होतो. वरून हाक आली, "वायर येतेय!"

आणि खालून उत्तर आलं, "सोडा काका, धरते."