दोन म्हाळसाबाई आणि एका दाढेची हकीकत

श्री. सर्व मुखांत घास आणि सर्व मुखांत वाचा ज्याने ठेविली त्यास नमन करोन, जे कानी आले व जे डोळां देखिले ते जैसे घडले तैसे लिहितो.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, ते दिवशी नदीपलीकडील परगण्यांत जत्रेच्या माळावर राज्याच्या दंतखात्याची गाडी येऊन उभी राहिली. गाडीत लेखणीएवढा कॅमेरा आणि एक्सऱ्याचे यंत्र. रयतेने पायरी चढोन आंत बसावे, तोंड उघडावे, आणि तोंडातील चित्र तारांवाचून त्याच घडीस राजधानीस जावे, मग तेथील जाणत्यांनी पाहोन तीन दिवसांत मोबाईलवर निरोप धाडावा, ऐसा बंदोबस्त. हा बंदोबस्त दंतखात्याचे मुख्य रायाजीराव यांनी सात वर्षे खपोन उभा केला होता. पूर्वी दाढ ठणकली म्हणजे तीस कोस चालावे लागे आणि पोहोचेतो निम्मा जबडा जाई, ते संकट या योगे सरले, म्हणोन रयत रायाजीरावांस दुवा देत असे. परंतु गाडीवर एक पाटी लाविली होती, ती येणेप्रमाणे : ज्यांस तीन दिवसांत निरोप न येईल त्यांनी आपले दात उत्तम आहेत ऐसे समजोन निश्चिंत असावे.

पुढे अष्टमीस सकाळी परगण्याचे दंतवैद्य अंताजीपंत केळशीकर दवाखान्यात येऊन बसले तों स्क्रीनवर राजधानीचा तातडीचा हुकूम आला. हुकुमात लिहिले होते की, म्हाळसाबाई, वय शेचाळीस, इची खालची डावी दाढ मुळाशी सडली आहे, पू जबड्याबाहेर पडोन जिभेखाली उतरो पाहतो, आजच इस्पितळात घालावी, विलंब जाहल्यास श्वास कोंडेल.  सरकारी कोठीवर धान्य मापणारी म्हाळसाबाई अंताजीपंतांच्या ओळखीची, दोन माणसे पाठवोन तीस बोलाविले, आणि बाई आली ती कपाळास आठ्या घालोन आली.

"पंत, गाड्या खोळंबल्यात माझ्या. काय झालं एवढं?"

"बाई, गिळता येते का? जीभ जड वाटते का?"

"सकाळी दोन भाकऱ्या खाऊन आले. मला काय धाड भरलीय?"

मग अंताजीपंतांनी तीस खुर्चीवर बसवोन आरसा तोंडात घातला, आणि पाहतात तों डावीकडील दाढा दगडासारख्या घट्ट, हिरड्या गुलाबी, सूज नाही, पू नाही. त्यांनी चित्र पुन्हा पाहिले. चित्रात उजवीकडे एका दाढेवर धातूची कॅप होती आणि पुढल्या दोन दातांच्या धारेस बारीक खाच होती. बाईंच्या तोंडात कॅप नव्हती आणि खाचही नव्हती. अंताजीपंतांनी आरसा खाली ठेविला आणि बोलिले, "बाई, हे तोंड तुमचे नव्हे."

बाई खुर्चीत ताठ बसली आणि म्हणाली, "मग कुणाचं?"

 चित्र खरे, दुखणे खरे, ज्या बाईचे दुखणे ती या राज्यात कोठेतरी तिसरा दिवस काढीत आहे, आणि तीस कोणी सांगितलेच नाही, हे अंताजीपंतांच्या ध्यानी आले. मग म्हाळसाबाई कपाळास हात लावोन म्हणाली, "अहो, माझ्या मागं रांगेत एक बाई होती. तिचंबी नाव म्हाळसाबाईच. दोघी हसलो होतो आम्ही. पदर गालाला धरलेला, आणि काखेत लाल-काळ्या रेशमाच्या लडी. गाव काय मी विचारलं नाही हो. विचारायला पाहिजे होतं."

अंताजीपंतांनी तत्काळ रायाजीरावांस व्हिडिओवर गाठिले आणि वर्तमान निवेदन केले. रायाजीराव प्रथम मानीनात.

"पंत, चित्र चुकत नाही."

"चित्र चुकले नाही, साहेब. नाव चुकले."

मग रायाजीरावांनी दफ्तर उघडविले. त्यात ऐसे दिसोन आले की, एके दिवशी, एके गाडीत, एक नाव आणि एकच वय दोन वेळां आले, तेव्हां यंत्राने दोघींस एकच बाई धरिले, आणि दुसरीचे चित्र पहिलीच्या खाती चढवोन दुसरीचे नाव, गाव, मोबाईल समूळ पुसोन टाकिले. रायाजीरावांचा चेहरा उतरला. ते हळू बोलिले, "पुसलेले परत मिळावयास दोन दिवस लागतील."

"तिला दोन दिवस नाहीत. आणि तीस निरोप गेला नाही, म्हणजे आपल्या पाटीप्रमाणे ती निश्चिंत बसली आहे."

 मग अंताजीपंतांनी मनसुबा सांगितला की, दातांवर कॅपा बसविणारे कारागीर राज्यात दीडशे असतील, ते सर्व एका जाळ्यात जोडलेले आहेत, त्यांस हे चित्र धाडावे, आपल्या हातची कॅप कारागीर ओळखील. रायाजीराव दचकले आणि बोलिले, "रुग्णाचे तोंड परक्यांस दाखविणे गुन्हा आहे. तो कायदा मीच लिहिला. तुमची सनद जाईल, पंत. मी परवानगी देऊ शकत नाही."

अंताजीपंतांची सनद चौतीस वर्षांची, आणि घरी दुसरा मिळवता कोणी नाही. तरी त्यांनी चित्रातून कॅपेपुरता नखाएवढा तुकडा कापला, खाली "ही कोणाची करणी? एका जिवाचा प्रश्न आहे" इतकेच लिहिले, आणि रायाजीरावांच्या डोळ्यांदेखत धाडोन दिला. रायाजीरावांनी थांबविले नाही आणि मान्यही केले नाही.

मग वाट पाहणे आले. माझी नव्हे, ऐसा पहिला जबाब आला. माझी नव्हे, ऐसा दुसरा. ऐसे तेवीस जबाब आले आणि सूर्य माथ्यावर आला. म्हाळसाबाई कोठीस परत गेली नाही, भिंतीशी बसोन राहिली, आणि दर जबाबास "काय म्हणतो?" ऐसे पुसत असे. मग घाटपायथ्याचा कारागीर दुलबा ओतारी याचा फोनच आला.

"पंत, ही माझी. दाढ आखूड होती म्हणून कडेला पायरी ठेवली होती, ती दिसतीय. सहा वर्षं झाली. घाटमाथ्यावरच्या आंबेखोलची पटवेकरीण होती, दागिने गाठवणारी. नाव नाही आठवत. पण दातात धागा धरून धरून तिचे पुढचे दात खाचले होते."

"तीच!" म्हाळसाबाई उठोन उभी राहिली. "रेशमाच्या लडी होत्या की तिच्यापाशी!"

मग आंबेखोलच्या पोलीस पाटलास फोन गेला, पाटील धावत पटवेकराच्या घरी गेला, आणि पटवेकरणीचा दादला गणोजी फोनवर आला. तो शांत होता, हेच ऐकणारास भयंकर वाटले.

"निजलीया ती. सकाळधरनं बोलंना झालीया. पाणीबी जाईना घशात. पर सरकारचा निरोप काय आला न्हाई, म्हणून म्हटलं दुखणं किरकोळ असंल."

"गणोजी, तिला आधी उठवून बसवा. आडवी ठेवू नका. पाठीला टेका द्या आणि फोन तिच्या तोंडासमोर धरा."

गणोजीने फोन धरिला. तिच्या हनुवटीखालचा भाग फळीसारखा कठीण फुगला होता, जीभ वर टाळूस लागली होती, तोंडातून लाळ गळत होती, आणि प्रत्येक श्वासास शिट्टीसारखा आवाज येत होता. अंताजीपंतांनी ते चित्र तैसेच रायाजीरावांस दाखविले. रायाजीराव ताडकन उठले. इतका वेळ कायदा बोलणारा तो गृहस्थ आता एकामागोन एक हुकूम सोडू लागला : रुग्णवाहिका घाटमाथ्यास धाडविली, घाटपायथ्याच्या इस्पितळात शस्त्रवैद्य बाईंस उभे केले, आणि पंचमीचा एक्सरा व आजचे चित्र दोन्ही त्यांच्या स्क्रीनवर लाविली. कोणती दाढ, पू कोठवर, नळी कोठे घालावी, हे सर्व रोगी पोहोचण्यापूर्वीच ठरले. हे पूर्वीच्या काळी होणे नव्हते, हे लिहिणे प्राप्त आहे.

रुग्णवाहिका घाट उतरू लागली तों पाचव्या वळणावर रेंज गेली. स्क्रीन काळी पडली. राजधानीत रायाजीराव, दवाखान्यात अंताजीपंत, इस्पितळात शस्त्रवैद्य बाई, तिघेही एका काळ्या चौकोनाकडे पाहत उभे. पाच मिनिटे गेली, दहा गेली, वीस गेली. तिकडे गाडीत गणोजी बायकोस पाठीमागोन दोहो हातांनी उराशी धरोन ताठ बसवीत होता, आणि गाडीतील परिचारिका प्राणवायूचा मुखवटा धरोन श्वास मोजीत होती. शिट्टीचा आवाज बारीक होत गेला, मग थांबला. परिचारिकेने तिचा जबडा पुढे ओढोन धरिला आणि गणोजीस म्हणाली, "मान सोडू नका, दादा, काही झालं तरी सोडू नका." गणोजी म्हणाला, "सोडत न्हाई." मग छाती एकदा हलली, आणि शिट्टी पुन्हा ऐकू आली.

इस्पितळाच्या दारी गाडी थांबली तों मेज तयार, हत्यारे तयार. शस्त्रवैद्य बाईंनी विचारणा केली नाही, शोधाशोध केली नाही, मानेत छेद देऊन श्वासाची नळी बसविली, मग हनुवटीखाली पू मोकळा केला आणि दाढ काढिली. पुढे त्या बोलिल्या की, दाढ शोधण्यात अर्धी घटका गेली असती तरी बाई हाती लागली नसती. सूर्य मावळतीस टेकला तेव्हां निरोप आला की श्वास चालू आहे. कोठीवाली म्हाळसाबाई तो ऐकोन पदर तोंडाशी घेऊन रडली, आणि अंताजीपंत आपल्याच रोग्याच्या खुर्चीत जाऊन बसले.

मग नऊ दिवस पटवेकरणीस बोलता आले नाही. दहावे दिवशी रायाजीराव स्वतः इस्पितळात आले आणि हात जोडोन बोलिले, "चूक माझ्या दफ्तराची, म्हणजे माझी." बाईने लिहावयाची पाटी मागोन घेतली आणि सावकाश अक्षरे काढिली : "त्या दिवशी गाडीत मी सांगत होते, फार दुखतं म्हणून. कॅमेरा धरणारी पोरगी म्हणाली, बोलू नका, चित्र हलतं." रायाजीरावांनी ते वाचिले, आणि पाटी बराच वेळ त्यांच्या हातीच राहिली.

पुढे राज्याच्या राणीसरकारांपुढे विचारणा जाहली. अंताजीपंतांनी कायदा मोडल्याचे कबूल केले. राणीसरकारांनी पुसले, "पुन्हा ऐसा प्रसंग आला तर?" ते म्हणाले, "पुन्हा तुकडाच कापीन." राणीसरकारांनी त्यांस लेखी ताकीद दिली आणि सनद कायम राखिली. गाडीवरील पाटी उतरविली, आणि हुकूम केला की, दुखणे असो वा नसो, प्रत्येक रोग्यास निरोप जावा, आणि एका नावाची दोन माणसे यंत्राने एक न करिता माणसाने विचारोन पाहावीत. रायाजीरावांस शिक्षा सांगण्यापूर्वीच त्यांनी मुख्याची जागा सोडली आणि गाडीवर साधा दंतवैद्य म्हणोन एक साल नेमणूक मागितली. ती मिळाली.

पौषात गाडी डोंगराकडील एका बाजारात उभी राहिली. पहिली म्हातारी पायरी चढोन आली, सवयीने तोंड उघडोन बसली. रायाजीरावांनी कॅमेरा उचलिला, मग तो बाजूस ठेविला, तिच्यासमोर स्टूल ओढोन बसले आणि म्हणाले, "मावशी, तोंड मिटा. आधी सांगा, काय होतंय?" म्हातारी सांगो लागली, आणि पुष्कळ वेळ सांगत राहिली.

येणेप्रमाणे दाढ गेली, जीव राहिला, आणि यंत्रही राहिले. दोष ज्याचा त्यास आणि यश ज्याचे त्यास ऐसे वाटोन ही हकीकत येथे पुरी केली.