मुरलीचं सायकलींचं दुकान

आमच्या गल्लीतले मल्लप्पाकाका कुठल्याही गोष्टीचा शेवट बघत नाहीत. लग्नात शेवटच्या मंगलाष्टकाला ते मांडवाबाहेर चपला शोधत असतात. कीर्तनातून आरतीआधी उठतात. क्रिकेटची शेवटची दोन षटकं राहिली की टीव्हीसमोरून उठून अंगणात जातात आणि कोण जिंकलं ते शेजाऱ्यांच्या आरड्याओरड्यावरून ठरवतात. मी शिकवते त्या शाळेच्या संमेलनाला त्यांना एकदा मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं होतं. पाहुण्यांचं भाषण संपायच्या आत खुर्ची रिकामी. अर्थात त्या भाषणाला बऱ्याच खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या, त्यामुळे त्यांच्या एकट्याच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ नाही.

ही नोकरीतली सवय. आमच्या पेठेत पूर्वी एक टॉकीज होतं. त्याच्या सायकल स्टँडवर काकांनी उभी हयात काढली. त्या काळी गिरणीतली आणि मागावरची माणसं सायकलवरून पिच्चरला यायची. सायकली लावून झाल्या, ज्याच्या त्याच्या हातात पत्र्याचा बिल्ला पडला, की डोअरकीपर काकांना दाराशी उभं राहून पिच्चर बघू द्यायचा. पण शेवटची दहा मिनिटं राहिली की काका स्टँडवर हजर पाहिजेत. नाहीतर तीनशे माणसं एकदम तीनशे सायकलींवर तुटून पडणार. असे त्यांनी शेकडो पिच्चर पाहिले आणि एकाचाही शेवट पाहिला नाही.

शेवट ते बाहेर पडणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरून ओळखायचे. तिथूनच त्यांना गुप्तहेरगिरीचा नाद लागला. आता सायकली गेल्या, टॉकीज पाडून तिथे दुकानं झाली, पण नाद गेला नाही. गल्लीत कुणी गाडी लावली की काका कट्ट्यावरून तिची तपासणी करतात.

"बाई, आज हेडमास्तरांशी वाजलं वाटतं."

"नाही हो काका."

"मग गाडीचं तोंड भिंतीकडं का? राग आला की माणूस गाडी अशी घुसवतो."

सावली तिकडे होती म्हणून तशी लावली, असं मी सांगते. त्यावर त्यांचं ठरलेलं वाक्य येतं, "पुरावा काय?" समोरच्या घरातल्या मुलाने एकदा मोटारसायकल घासूनपुसून लखलखीत केली. काकांनी त्याचं लग्न ठरल्याचं गल्लीभर सांगितलं. त्याने ती विकायला काढली होती. त्याची आई आठवडाभर लोकांना 'नाही हो, अजून नाही' म्हणत फिरत होती.

सगळ्या पिच्चरांत काकांचा जीव एकावर होता, 'नकाशा नंबर नऊ'. एक गुप्तहेर, त्याचा साथीदार मुरली, चोरीला गेलेला नकाशा, धुक्यातलं बेट आणि बेटावरचं दीपगृह. उन्हाळ्यात संध्याकाळी लाइट गेली की आजूबाजूचे माग एकदम गप्प होतात. कट्ट्यावर बसून काका त्या वेळी ही गोष्ट सांगायला घेतात. आवाज हळू, डोळे अर्धे मिटलेले. धुकं आलं म्हणताना हात असा फिरवतात की मे महिन्यातल्या सोलापुरात अंगावरून गार काहीतरी गेल्यासारखं वाटतं. नाव कुठे थांबली, मुरलीने कंदील कसा धरला, पाण्यात त्याचा उजेड कसा हलला, सगळं सांगतात. ऐकता ऐकता समोरची पाण्याची टाकी मला दीपगृहासारखी दिसायला लागते.

आणि शेवट? गुप्तहेराला मेडल मिळतं. समुद्रात पडलेला मुरली पोहून काठाला लागतो, लग्न करतो आणि बाजारपेठेत सायकलींचं दुकान काढतो.

"बायका डोळं पुसत बाहेर यायच्या," काका सांगतात. "आनंदाचं रडू आसतंय ते, बाई."

हा शेवट त्यांना बायकोने सांगितलेला. नीलव्वाकाकू तीनचा खेळ बघायच्या आणि सहाला स्टँडवर डबा उघडून त्यांच्यासमोर बसायच्या. काका भाकरी खायचे, काकू शेवट सांगायच्या. मुरलीच्या दुकानाला पाटी कुठल्या रंगाची होती इथपर्यंत काकूंनी सांगितलं होतं.

हा पिच्चर नंतर कुठे दिसलाच नाही. टीव्हीवर आला नाही, कुठे प्रत उरली नाही असंही लोक म्हणायचे. आणि मागच्या महिन्यात एकदा काका मोबाइल पुढे धरून धावत आले. कुठल्याशा कंपनीने जुनी रिळं शोधून, पुसून, रंग उजळून 'नकाशा नंबर नऊ'ची डीव्हीडी काढली होती.

"मागवा की, बाई. तुमच्या माळ्यावर ते मशीन हाय न्हवं? मुरलीचं दुकान बघायचं हाय मला एकदा."

मी मागवली. आली त्याच दुपारी, यंत्र चालतंय का बघावं म्हणून लावली आणि उठवेना म्हणून पूर्ण पाहिली. मग डोक्याला हात लावून बसले.

संध्याकाळी नीलव्वाकाकू आल्या. गुडघ्यांमुळे त्या उंबरा ओलांडून सहसा कुठे जात नाहीत. हातात शेंगाचटणीची वाटी होती.

"बाई, ती तबकडी बिघडली म्हणून सांगा त्यांना," त्या खुर्चीवर टेकताच म्हणाल्या.

"काकू, मुरली मरतो त्यात."

"व्हय. गोळी लागून मरतोय, गुप्तहेराच्या मांडीवर." त्यांनी वाटी दोन्ही हातांत धरली होती. "पिच्चर आला त्याच म्हैन्यात ह्यांचा धाकटा भाऊ गेला. शिवा. तापानं. ह्ये जेवत न्हवते, बोलत न्हवते. पहिल्या दिवशी पिच्चर बघून आले आन् मला म्हणाले, तो मुरली चालतोय बघ, आपला शिवाच चालल्यागत. त्या दिवशी भाकरी खाल्ली त्यांनी. मग मी काय सांगू, सांगा."

"आणि टॉकीजमधल्या बाकीच्यांनी कुणी सांगितलं नाही?"

"डोअरकीपरला हात जोडले. पानवाल्याला जोडले. कँटीनवाला तर मलाच इचारायचा, मावशी, आज मुरलीला पोरगा झाला का पोरगी?"

सबंध टॉकीजने एका माणसापासून शेवट लपवला होता, आणि तो माणूस स्वतःला गुप्तहेर समजत होता. मला हसू आलं. मी काकूंना शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, काका इस्त्रीचा शर्ट घालून दुपारी आले. यंत्र बिघडलंय, मी सांगितलं. काका यंत्राजवळ गेले, वाकले, खिशातून चष्मा काढला.

"धुळीवर बोटं उमटल्यात. ताजी. डबीचं सील फुटलंय." ते माझ्याकडे वळले. "तुमी पूर्ण बघितलाय, बाई. आन् दाखवत न्हाय म्हणजे शेवट वाईट हाय."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा तर्क बरोबर आला होता. अशा वेळी खोटं बोलायची माझी प्राज्ञा नव्हती. तरी मी म्हणाले, "काका, राहू द्या ना. तुम्हाला गोष्ट पाठ आहे."

"लावा," ते म्हणाले.

मी पडदे ओढले. फटीतून उन्हाची एक पट्टी येत होती आणि तिच्यात घरामागच्या कारखान्यातले टॉवेलाचे बारीक तंतू तरंगत होते. दूर कुठेतरी माग चालू होते. खोली अंधारली आणि बेटावर धुकं आलं. काका प्रत्येक वाक्य पात्राच्या आधी पुटपुटत होते. मुरली पहिल्यांदा चालत आला तेव्हा मात्र गप्प झाले. खांदा थोडा पाडून, हसत, कंदील हलवत तो आला, आणि काका इतक्या मायेने बघत राहिले की मी दुसरीकडे नजर वळवली.

दीपगृहाच्या पायऱ्या सुरू झाल्या आणि काका उठले. सवयीनेच. दारापर्यंत गेले. मी मनात म्हणत होते, जा, काका, जा. त्यांनी कडीला हात लावला, तसेच क्षणभर उभे राहिले आणि परत येऊन खुर्चीत बसले.

ती दहा मिनिटं त्यांनी पाहिली. गोळी, पायऱ्यांवरून घरंगळलेला कंदील, गुप्तहेराच्या मांडीवरचं ते हसरं तोंड, आणि मग नुसता समुद्र. पडदा काळा झाला तरी काका हलले नाहीत. मी पाणी आणलं ते त्यांनी घेतलं नाही.

"बाई," ते म्हणाले, "सबंध पिच्चरमदी सायकल एकबी न्हाय."

"नाही."

"मंजे दुकान तिनंच काढून दिलं मुरलीला."

मी यंत्र बंद केलं. ते उठले आणि मी वाटी परत द्यायच्या निमित्ताने त्यांच्या मागोमाग गेले. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. इतक्या वर्षांचं खोटं उघडं पडल्यावर माणूस घरात शिरताना काय बोलेल याचा नेम नसतो.

नीलव्वाकाकू खाटेवर बसून शेंगा निवडत होत्या. आम्हाला बघून त्यांचे हात थांबले. घरात दोघं कानडी बोलतात, ती मला कळते. काकूंनी मान वर न करता विचारलं, "पाहिलात शेवट?"

"पाहिला."

"कसा आहे?"

काकांनी चपला काढल्या, भिंतीशी नीट जोडून ठेवल्या.

"तू सांगितलास तसाच."

काकूंनी आता वर पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते. खरा शेवट त्यांना ठाऊक होता, आणि तो आता काकांनाही ठाऊक आहे हे त्यांना दिसत होतं.

"दुकान चालतंय का त्याचं?" त्यांनी विचारलं.

"लई गर्दी होती," काका म्हणाले आणि शेंगा निवडायला त्यांच्या शेजारी बसले.